दिवसाच्या बिलाएवढाच सौरसंच

पुणे जिल्ह्यातल्या ओझर आणि लेण्याद्री या अष्टविनायक क्षेत्रांपासून नारायणगाव, मंचरपर्यंतच्या पट्ट्यात सध्या व्यापाऱ्यांच्या बैठकीत पावसाच्या खालोखाल चर्चा होते ती सौरसंचाच्या कोटेशनची. लॉजवाला, मंगल कार्यालयवाला, दूध शीतकरण केंद्र चालवणारा, कोल्ड स्टोअरेजचा मालक, अशा प्रत्येकाकडे दोन-तीन कोटेशने असतात आणि सगळ्यांवर एकच वाक्य ठळक छापलेले असते : ‘वीजबिल शून्य.’ आकडे मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. त्याच छतासाठी एक जण 20 किलोवॉट सुचवतो, दुसरा 50. व्यावसायिकाने विश्वास ठेवायचा कोणावर?

आमच्या मते हा प्रश्न विक्रेत्याच्या प्रामाणिकपणाचा कमी आणि हिशेबाच्या पद्धतीचा जास्त आहे. बहुतेक कोटेशने महिन्याच्या एकूण युनिटवरून काढलेली असतात. घरगुती ग्राहकासाठी ती पद्धत बऱ्यापैकी चालते. व्यवसायासाठी ती फसवी ठरते, कारण व्यवसायाचे बिल किती युनिट वापरले यावर जेवढे ठरते तेवढेच ते कोणत्या तासाला वापरले यावर ठरू लागले आहे. सूर्य मात्र आपल्या वेळेलाच येतो.

सुरुवात एका गैरसमजापासून करू. ‘सरकारी अनुदान आहे ना?’ हा पहिला प्रश्न सगळीकडे विचारला जातो. फेब्रुवारी 2024 मध्ये जाहीर झालेली पीएम सूर्यघर योजना घरगुती ग्राहकांसाठी आहे. तीन किलोवॉटला मिळणारे 78,000 रुपये त्यातले. लॉज, हॉटेल, पेढ्याचे दुकान, शीतगृह यांना त्यातला एक रुपयाही नाही. मग काही जण शहाणपणा करतात : वरच्या मजल्यावर घर, खाली चार खोल्यांचे लॉज, मीटर घरगुती, त्यावर अनुदानाचा संच. घरगुती जोडणीवर धंदा चालवणे हा वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. अनुदानाच्या लोभाने हा धोका ओढवून घेण्यात काही अर्थ नाही.

आता संचाकडे येऊ. ओझर साधारण 19.2 अंश उत्तर अक्षांशावर आहे. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून 15 ते 20 अंशांच्या कलाने बसवले, तर आपल्या भागात एक किलोवॉटमागे वर्षाला 1,400 युनिट धरणे सुरक्षित. कोटेशनमध्ये 1,500 किंवा 1,600 लिहिलेले दिसते. स्वच्छ छतावर, स्थिर पुरवठ्याच्या फीडरवर 1,500 पर्यंत जाता येईलही, पण धंद्याचा हिशेब चांगल्या वर्षावर मांडू नये. दिवसाला सरासरी चार युनिटच्या थोडे खाली, असे डोक्यात ठेवावे. ही सरासरीही बारमाही नाही. मार्च ते मे या काळात ती पाचच्या घरात जाते, जुलै-ऑगस्टमध्ये तीनच्या आसपास उतरते.

पॅनेलवर लिहिलेला वॉटचा आकडा प्रयोगशाळेतला असतो, म्हणजे सेलचे तापमान 25 अंश असतानाचा. एप्रिलच्या दुपारी छतावरच्या पॅनेलचे तापमान साठीला टेकते. सध्याच्या पॅनेलची क्षमता 25 अंशांवरच्या दर अंशामागे सुमारे 0.35 टक्के कमी होते. म्हणजे भर उन्हात 12 टक्के गेलेच. ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, ही समजूत अर्धीच खरी. पॅनेलला प्रकाश हवा असतो, ताप नको असतो. म्हणून पत्र्याला चिकटवून टाकलेल्या पॅनेलपेक्षा खालून वारा खेळणारी मांडणी बरी.

एवढे झाले की खरा प्रश्न येतो : किती किलोवॉट?

एक उदाहरण घेऊ, काल्पनिक, पण या भागात शोभेल असे. तीस खोल्यांचे लॉज, खाली जेवणाचे हॉटेल, महिन्याला सरासरी 6,000 युनिट, म्हणजे वर्षाला 72,000. रूढ सूत्र सांगते, एक किलोवॉट महिन्याला 120 युनिट देतो, म्हणून 6,000 भागिले 120, बरोबर 50 किलोवॉट. सूत्र अंकगणित म्हणून चूक नाही. पण लॉजचा भार कधी असतो? भाविक दुपारी दर्शनाला किंवा रस्त्यावर असतात. संध्याकाळी खोल्या भरतात, दिवे लागतात, एसी रात्रभर चालतो, पहाटे गिझर धडाधड सुरू होतात. सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतला वापर एकूण वापराच्या 35 टक्के धरला, तर तो वर्षाला 25,200 युनिट होतो, म्हणजे दिवसाला 70 च्या जवळ. त्याला पुरा पडणारा संच 18 ते 20 किलोवॉटचा.

उरलेल्या 30 किलोवॉटची वीज ग्रिडमध्ये जाईल आणि रात्रीच्या वापरातून वजा होईल, हे नेट मीटरिंगचे आश्वासन. महाराष्ट्रात नेट मीटरिंगचे नियम राज्य वीज नियामक आयोगाने 2015 मध्ये आणले आणि 2019 च्या डिसेंबरमध्ये नव्याने केले. साध्या एकाच दराच्या ग्राहकासाठी दिलेला एक युनिट आणि घेतलेला एक युनिट सारखाच. पण व्यावसायिक ग्राहक आता एकाच दराचा राहिलेला नाही. केंद्राने जून 2023 मध्ये वीजग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार 10 किलोवॉटपेक्षा जास्त मागणी असलेल्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना 1 एप्रिल 2024 पासून वेळेनुसार वेगळा दर लावायचा, उन्हाच्या तासांत तो नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी आणि जास्त मागणीच्या तासांत किमान 20 टक्के जास्त ठेवायचा, असे ठरले. महाराष्ट्रात सकाळी 9 ते सायंकाळी 5 हे स्वस्त तास आणि त्यानंतरची संध्याकाळ महाग. ज्या वेळी तुमच्या छतावर वीज पिकते, नेमक्या त्याच वेळी बाजारातली वीज स्वस्त झाली. यात कोणाचे कारस्थान नाही. राज्यभर सौरप्रकल्प वाढले, दुपारी विजेचा सुकाळ आणि संध्याकाळी टंचाई झाली, म्हणून दर तसे वळले. टोमॅटोची आवक वाढली की नारायणगावच्या बाजारात काय होते हे इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

दुपारी दिलेला युनिट संध्याकाळच्या महाग युनिटमधून वजा करायचा, की दुपारच्याच वापरातून, हा 2025 च्या वीजदर आदेशांनंतर सर्वांत जास्त गाजलेला मुद्दा आहे. आदेश येतात, फेरविचाराला जातात, न्यायालयात जातात. पंचवीस वर्षांची गुंतवणूक करणाऱ्याने यातला आपल्याला सोयीचा नियम धरून हिशेब करू नये, सर्वांत गैरसोयीचा धरावा. त्यात तग धरत असेल तर संच घ्यावा.

तर आकडे मांडू. दिवसा स्वतः वापरलेल्या युनिटमागे 10 रुपये वाचतात असे धरू. हा आकडा प्रत्येकाने आपल्या बिलावरून काढायचा : त्या तासांचा वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यावरचे वीज शुल्क, जे व्यापारी ग्राहकाला 21 टक्के लागते. स्थिर आकार किंवा मागणी आकार यात धरायचा नाही, कारण सौरसंच बसवला तरी तो द्यावाच लागतो. ‘बिल शून्य’ हे वाक्य इथेच खोटे पडते. उरलेल्या, कशातही वजा न झालेल्या युनिटला वर्षाअखेरीस मिळणारा भाव 3 रुपये धरू.

संचाचा खर्च लहान व्यापारी संचासाठी किलोवॉटमागे 50,000 रुपये धरू. बाजारात 40 हजारांपासून 60 हजारांपर्यंत भाव ऐकू येतात आणि फरक बहुधा ढाच्यात, तारेत आणि इन्व्हर्टरमध्ये असतो, पॅनेलमध्ये तेवढा नसतो. 20 किलोवॉटचे 10 लाख. त्यावर जीएसटी. 22 सप्टेंबर 2025 पासून सौर उपकरणांवरचा कर 12 वरून 5 टक्क्यांवर आला. पूर्ण संच बसवून देण्याच्या कामात 70 टक्के माल आणि 30 टक्के सेवा धरली जाते, सेवेवर 18 टक्के. मिळून 8.9 टक्के पडतात, म्हणजे 89,000 रुपये. छताची जलरोधक डागडुजी, वीजरोधक, अर्थिंग, मीटरचे शुल्क यासाठी 60,000 ठेवू. एकंदर साडेअकरा लाख.

हा संच वर्षाला 28,000 युनिट देईल. लॉजचा दिवसाचा वापर 25,200 असला, तरी सोमवारी-बुधवारी खोल्या रिकाम्या असतात, म्हणून प्रत्यक्ष जागीच खपतील 22,000. त्याचे 2 लाख 20 हजार, उरलेल्या 6,000 चे 18 हजार. देखभाल आणि विमा यांचे 13 हजार वजा केले की हाती 2 लाख 25 हजार. गुंतवणूक पाच वर्षांत वसूल.

आता 50 किलोवॉट. मोठ्या संचाला भाव थोडा कमी, 47,000 धरू. कर आणि इतर खर्चासह सुमारे 26 लाख 60 हजार. उत्पादन 70,000 युनिट. त्यातले जागीच खपतील फार तर 25,000, कारण दिवसाचा वापर तेवढाच आहे. अडीच लाख तिथले, 45,000 युनिटचे 3 रुपयांनी 1 लाख 35 हजार, 30 हजार देखभालीचे वजा. वर्षाला 3 लाख 55 हजार, वसुली साडेसात वर्षांत. ऐकायला फार वाईट नाही. पण नीट पाहा : वाढीव 30 किलोवॉटसाठी जादा 15 लाख घातले आणि वर्षाला जादा मिळाले 1 लाख 30 हजार. त्या वाढीव भागाची वसुली साडेअकरा वर्षांत. सरासरीच्या आड हा भाग लपतो.

हाच 50 किलोवॉटचा संच सगळे युनिट पूर्ण दराने वजा होतील असे धरून मांडला, तर चार वर्षांत वसूल होतो. एका गृहीतकाने चार वर्षांची साडेसात होतात. तेव्हा कोटेशन हातात आले की किलोवॉटचा भाव नंतर पाहावा, आधी ते गृहीतक शोधावे. बहुतेक वेळा ते लिहिलेलेच नसते.

शिवाय नेट मीटरच्या संचाची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त असता येत नाही. या लॉजचा मंजूर भार 40 किलोवॉट असेल, तर 50 च्या संचासाठी आधी भार वाढवावा लागेल, म्हणजे स्थिर आकार दरमहा वाढणार. गावच्या रोहित्राची क्षमताही आडवी येते. एकाच रोहित्रावरच्या चार लॉजनी संच घेतले, तर पाचव्याला महावितरण थांबायला सांगू शकते.

दिवसाचा वापर कळणार कसा? ज्यांच्या बिलावर वेळेनुसार युनिट छापलेले असतात त्यांनी बारा महिन्यांची बिले काढून एका कागदावर मांडावीत. ज्यांच्या बिलावर नसतील त्यांनी पंधरवडाभर सकाळी 9 आणि सायंकाळी 5 वाजता मीटरचा आकडा लिहून ठेवावा. त्या पंधरवड्यात एक संकष्टी यावी आणि ओस दिवसही यावेत. ओझरच्या धंद्याला वर्षाचे स्वतःचे पंचांग आहे : माघी गणेश जयंती, भाद्रपद, अंगारकी, दिवाळीची सुट्टी, मे महिना. त्यात जुलै-ऑगस्टचे माळशेज आणि नाणेघाटाकडे जाणारे पावसाळी पर्यटक. म्हणजे शनिवार-रविवारी लॉज तुडुंब भरण्याचे हे दिवस आणि पॅनेलवर सर्वांत कमी वीज मिळण्याचे दिवस एकच.

लॉजवाल्यांना आणखी एक सांगायला हवे, जे पॅनेल विकणारा सहसा सांगत नाही. गरम पाण्यासाठी विजेचे पॅनेल हा उलटा मार्ग आहे. उन्हाने वीज करायची, ती ग्रिडला द्यायची आणि पहाटे परत घेऊन गिझर तापवायचा, यापेक्षा उन्हाने थेट पाणी तापवणारा बंब कमी जागेत, कमी पैशांत तेच काम करतो. पुण्यात हे बंब घरोघर बसून एक पिढी झाली. शिर्डीच्या साईसंस्थानाने 2009 मध्ये प्रसादालयासाठी 73 मोठ्या सौर तबकड्यांवर वाफ करून स्वयंपाक सुरू केला, तोही उष्णतेचाच मार्ग. गिझरचा भार बंबावर टाकला की वीजबिल उतरते आणि पॅनेलचा संच आणखी लहान पुरतो. आधी बंब, मग पॅनेल, हा क्रम चुकवू नये.

लॉजपेक्षा अगदी वेगळी गोष्ट शीतगृहाची. सातगाव पठाराचा बटाटा, जुन्नरची निर्यातीची द्राक्षे यांना थंडावा लागतो, आणि थंडाव्याची गरज उन्हाबरोबर वाढते. फेब्रुवारी ते मे या काळात कॉम्प्रेसर दुपारी सर्वांत जास्त ओढतो, पॅनेलही तेव्हाच सर्वांत जास्त देते. शिवाय भिंतींचा थर चांगला असेल, तर दुपारी तापमान ठरलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकाला नेऊन ठेवायचे आणि संध्याकाळच्या महाग तासांत कॉम्प्रेसर शक्य तेवढा विसावू द्यायचा, हे करता येते. बॅटरी न घेता केलेला हा साठाच. दूध शीतकरण केंद्रालाही असाच मार्ग आहे. दूध येते सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा उन्हाबाहेरच्या. पण बर्फाची टाकी असलेली यंत्रणा असेल तर दुपारी बर्फ करून ठेवायचा आणि संध्याकाळचे दूध त्यावर 4 अंशांपर्यंत उतरवायचे. साधा बल्क कूलर असेल तर हे जमणार नाही, आणि मग संच लहानच ठेवावा. एकाच गल्लीतल्या दोन दूध केंद्रांना दोन वेगळी उत्तरे मिळतात, ती अशी.

उच्चदाब ग्राहकांनी एक तांत्रिक बाब विसरू नये. त्यांचे बिल केव्हीएएचवर, म्हणजे सक्रिय आणि प्रतिक्रियात्मक वीज एकत्र धरून, निघते. सौरसंच सक्रिय वीज देतो, मोटारींना लागणारी प्रतिक्रियात्मक वीज मात्र ग्रिडमधूनच येत राहते. परिणामी ग्रिडकडून घेतलेल्या विजेचा पॉवर फॅक्टर घसरतो आणि अपेक्षेएवढी बचत दिसत नाही. कपॅसिटर पॅनेल नव्याने बसवून घेणे किंवा इन्व्हर्टरकडून ती वीज मिळवणे, हे करारात आधीच लिहून घ्यावे.

छताकडे वळू. वीस किलोवॉटला 550 वॉटची 37 पॅनेल लागतात. एक पॅनेल सव्वादोन मीटर लांब, एक मीटरहून थोडे रुंद आणि 28 किलोच्या आसपास. म्हणजे नुसत्या काचा टनभराच्या, त्यावर ढाचा. दोन ओळींमधली जागा धरून 1,600 ते 2,000 चौरस फूट सावलीमुक्त छत हवे. सावलीमुक्त हा शब्द इथे महत्त्वाचा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ओझरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून 47 अंशांवर असतो. मीटरभर उंच कठड्याची सावली उत्तरेकडे जवळजवळ मीटरभर पडते, सकाळी नऊला तर सावली त्याच्या दुपटीहून लांब होते. उलट मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य इथे थेट माथ्यावर येतो, आणि त्या दरम्यान दुपारी तो चक्क उत्तरेकडे असतो. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, मोबाइल मनोरा यांची सावली म्हणूनच वर्षभराची पाहावी लागते, मे महिन्यात छतावर उभे राहून काढलेल्या फोटोवरून ती कळत नाही. शेजाऱ्याची इमारत एक मजला वाढणार आहे का, हेही विचारून घ्यावे. त्याला कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही.

वारा हा दुसरा विषय. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ कोकणात उतरून घाटावर आले, तेव्हा जुन्नर, आंबेगाव आणि खेड तालुक्यांत पत्रे आणि पॉलिहाऊस कसे उडाले हे लोक विसरलेले नाहीत. पुणे भागासाठी बांधकामाच्या मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलेला आहे. ढाच्याचा आराखडा त्याला धरून केला आहे असे स्थापत्य अभियंत्याचे सहीचे पत्र मागावे. कोटेशन जिथे किलोवॉटला पाच हजारांनी स्वस्त होते, ती जागा बहुधा हीच : बारीक अँगल, जस्ताचा पातळ मुलामा, स्लॅबला भोक पाडून मारलेले बोल्ट आणि दोन पावसाळ्यांनंतर खालच्या खोलीत गळती.

या भागाचे म्हणून एक वेगळे पथ्यही आहे. खोडदला जीएमआरटी ही जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची. इन्व्हर्टर हे वेगाने उघडझाप करणारे उपकरण, आणि हलक्या प्रतीचा असेल तर तो रेडिओ लहरींत गोंगाट सोडतो. आकाशगंगेचे क्षीण संकेत ऐकणाऱ्या दुर्बिणीच्या शेजारी राहणाऱ्यांनी तरी प्रमाणित इन्व्हर्टर घ्यावा. तसा इन्व्हर्टर आपल्याच टीव्हीला आणि मोटारींनाही बरा.

वीज गेली तरी संच चालेल, ही समजूतही अनेकांना महागात पडते. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रिड बंद होताच स्वतः बंद होतो. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव वाचावा म्हणून ती सक्ती आहे. म्हणजे दुपारी दोन तास वीज गेली, तर त्या दोन तासांचे उत्पादनही गेले. ग्रामीण फीडरच्या टोकाला दुपारी दाब वाढला तरी इन्व्हर्टर बंद पडतो. जनरेटर असेल तर तो सौरसंचाशी जुळवणारा नियंत्रक वेगळा घ्यावा लागतो, आणि कोटेशनमध्ये तो सहसा नसतो.

पैशाचा हिशेब वसुलीच्या वर्षांवर संपत नाही. साडेअकरा लाखांचा आपला संच पंचवीस वर्षांत, क्षमतेची घट धरून, साडेसहा लाख युनिट देईल. बारा-तेरा वर्षांनी इन्व्हर्टर बदलण्याचे लाख-सव्वा लाख आणि देखभाल मिळवली, तर युनिट पडतो सुमारे अडीच रुपयांना. हा आकडा पत्रकावर छान दिसतो. पण साडेअकरा लाखांवर 10 टक्क्यांनी व्याज धरले, मग ते बँकेचे असो की मोडलेल्या ठेवीचे, की तोच युनिट पाच रुपयांच्या पुढे जातो. दिवसाच्या 10 रुपयांसमोर पाच रुपये हा चांगलाच सौदा आहे. निर्यात होणाऱ्या 3 रुपयांसमोर तो तोट्याचा आहे. 2010 च्या सुमारास सौरविजेचा नियामक दर युनिटला 17 रुपयांच्या पुढे होता आणि 2017 मध्ये राजस्थानातल्या भडला प्रकल्पात तो 2 रुपये 44 पैशांवर उतरला, हे खरे. पण तो शेकडो मेगावॉटचा, वाळवंटातला, स्वस्त कर्जाचा भाव. ओझरच्या गच्चीवर तो मागू नये, आणि त्याच्या नावाने कोणी विकत असेल तर घेऊही नये.

कर्जाचा हप्ता पाहा. नऊ लाखांचे कर्ज सात वर्षांसाठी 10 टक्क्यांनी घेतले तर महिन्याला 15 हजारांच्या आत. वर्षभराची बचत महिन्याला सरासरी 18-19 हजार. बसते, पण पावसाळ्याचे दोन-तीन महिने पदरचे घालावे लागतात. ज्यांच्याकडे भांडवल नाही त्यांना गुंतवणूकदार स्वतःच्या पैशाने संच बसवून युनिटच्या भावाने वीज देतो, असेही करार आहेत. त्यात भाववाढीचे कलम आणि मधेच करार मोडण्याची किंमत, ही दोन पाने आधी वाचावीत.

आयकरात सौरसंचावर 40 टक्के घसारा मिळतो, आणि विक्रेते तो ‘सवलत’ म्हणून मोठ्या अक्षरांत सांगतात. तो सर्वांना लागू पडत नाही. अंदाजी उत्पन्न योजनेत विवरण भरणाऱ्या दुकानदाराला घसारा वेगळा मिळत नाही. धर्मादाय न्यासाला, म्हणजे देवस्थानाला, त्याचा उपयोग नाही. करपात्र नफा चांगला असलेल्या 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या व्यावसायिकाला पहिल्या वर्षी आपल्या उदाहरणात 1 लाख 38 हजारांचा कर वाचू शकतो, पण संच त्या आर्थिक वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर घसारा निम्माच. जीएसटीचेही तेच. कारखानदाराला भरलेला कर वळता करून घेता येतो. साडेसात हजारांखालच्या खोल्यांवर आता 5 टक्के कर आहे, पण वळता करण्याची मुभा नाही. शेतमाल साठवणूक करमुक्त, म्हणून शीतगृहालाही नाही. जुन्नर-आंबेगावच्या बहुतेक व्यावसायिकांसाठी ते 89,000 रुपये खर्चातच जातात, आणि कोटेशनची तुलना करासहित रकमेवरच करायला हवी.

बॅटरीचा विचार आजच करावा का? संध्याकाळची वीज महाग होत जाईल तसा तो करावा लागेल, आणि लॉजना तो सर्वांत आधी करावा लागेल. पण आज लहान संच घेऊन बॅटरी जोडता येईल असा हायब्रिड इन्व्हर्टर घेणे, आणि छतावर जागा व नळीतून तारेची वाट राखून ठेवणे, एवढे पुरे. पुढे वाढवता येते. मोठा घेतलेला संच लहान करता येत नाही.

साफसफाई किरकोळ वाटते, पण पुणे-नाशिक महामार्गाची धूळ आणि गळीत हंगामात पेटवलेल्या पाचटाची राख यांनी कोरड्या महिन्यांत काही टक्के उत्पादन सहज जाते. महिन्यातून दोनदा पहाटे किंवा संध्याकाळी, काच थंड असताना धुवावे. बोअरचे जड पाणी काचेवर पांढरे डाग सोडते, त्यापेक्षा साठवलेले पावसाचे पाणी चांगले. लेण्याद्रीच्या बाजूला माकडांचाही हिशेब ठेवावा लागतो, तारा उघड्या ठेवू नयेत.

राहतो करार. त्यात केंद्राच्या मान्यताप्राप्त यादीतले पॅनेल, त्यांचे अनुक्रमांक, इन्व्हर्टरची हमी किती वर्षांची आणि सेवा कोण देणार, नेट मीटर मिळेपर्यंतची जबाबदारी कोणाची, हे असायलाच हवे. पण सर्वांत उपयोगी कलम एकच : पहिल्या वर्षी इतके युनिट, कमी पडल्यास फरकाची भरपाई, आणि तोवर रकमेतले 10 टक्के राखून. किलोवॉट हा बसवलेल्या मालाचा आकडा आहे, युनिट हा मिळालेल्या कामाचा. कोटेशनवर 1,600 युनिट लिहिणाऱ्याला करारावर 1,400 लिहून सही करायला सांगावे. बरेच जण करतात. जे करत नाहीत, त्यांचे कोटेशन बाजूला ठेवण्यात नुकसान नाही.

वेळेचेही गणित आहे. पावसाळा संपताना मागणी दिली, तर छताची गळती नुकतीच दिसलेली असते आणि ढाच्याचे काम कोरड्यात होते. मात्र पूर्ण घसाऱ्यासाठी संच ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांपर्यंत सुरू व्हावा लागतो, म्हणून सप्टेंबरात विक्रेत्यांची घाई आणि भाव दोन्ही चढतात. ज्यांना घसाऱ्याचा उपयोग नाही त्यांनी त्या घाईत पडू नये. दिवाळीनंतर सावकाश काम करून जानेवारीत संच सुरू केला, तर माघी जयंतीची गर्दी आणि त्यापाठोपाठ उन्हाळ्याचे चार भरघोस महिने हाती लागतात, आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत मीटरवरचे खरे आकडे करारातल्या आकड्यांशी ताडून पाहायला पुरेसा वेळ मिळतो.